बॅरी ब्रेनर यांचे मूत्रपिंडविषयक शोधनिबंध: एक परीक्षण

मूत्रपिंडाचा जुनाट विकार एका मर्यादेपलीकडे गेला, की मूळ कारण आटोक्यात आले तरी बिघाड थांबत नाही, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून दिसत होते. संसर्ग बरा झालेला असतो, मुतखडा काढलेला असतो, तरीही रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, वर्षागणिक वाढत राहते आणि शेवटी रुग्ण डायलिसिसच्या दारात येऊन उभा राहतो. असे का होते, या एकाच प्रश्नामागे अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर अनेक दशके लागलेले दिसतात. सान फ्रान्सिस्को येथे सुरू झालेले आणि पुढे बोस्टनमधील ब्रिगहॅम रुग्णालयात वाढलेले त्यांचे संशोधन पसाऱ्याने मोठे आहे. १९७१ ते २०१९ या काळातील त्यांचे जे निबंध एका सूत्रात ओवता येतात, त्यांचेच परीक्षण येथे केले आहे. ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी आहे, तसेच स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या आजारामुळे या विषयाकडे वळलेल्या आणि नेटाने वाचण्याची तयारी असलेल्या सामान्य वाचकासाठीही आहे.

ते सूत्र म्हणजे दाब. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो नव्हे, तर मूत्रपिंडातील गाळणीच्या आतला. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी नऊ-दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारी सूक्ष्म एकके, असतात आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, ज्याला ग्लोमेरुलस म्हणतात. या गुच्छात रक्त आणणारी एक धमनिका असते आणि तेथून रक्त बाहेर नेणारी दुसरी. रक्त गाळले जाण्यासाठी लागणारा दाब या दोन धमनिकांच्या कमी-अधिक आकुंचनावर ठरतो. आत प्रत्यक्षात किती दाब असतो, हे १९७१ पूर्वी सस्तन प्राण्यांत कोणी थेट मोजलेले नव्हते. अप्रत्यक्ष अंदाज होते आणि ते बरेच चढे होते.

म्हणून वाचनाची सुरुवात ब्रेनर, ट्रॉय आणि डॉगर्टी यांच्या १९७१ च्या निबंधापासून करावी. 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन' या नियतकालिकात आलेला हा निबंध अवघ्या काही पानांचा आहे आणि त्याचे सारे बळ एका योग्य प्राण्याच्या निवडीत आहे. बहुतेक उंदरांत ग्लोमेरुलस मूत्रपिंडाच्या पृष्ठभागाखाली दडलेले असतात, त्यामुळे तेथे सुई पोहोचत नाही. म्युनिक-विस्टार या जातीच्या उंदरांत मात्र काही ग्लोमेरुलस अगदी पृष्ठभागावर, सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसतील असे असतात. केसाहून कितीतरी बारीक काचनळी त्या गुच्छातील एकाच वाहिनीत शिरवून संशोधकांनी दाब नोंदवला. तो पाऱ्याच्या सुमारे ४५ मिलिमीटर इतका भरला.

या आकड्यावरून होणारे गणित वाचकाने स्वतः कागदावर मांडून पाहावे, कारण पुढचे सगळे निबंध त्याच गणितावर उभे आहेत. आतला दाब सुमारे ४५. गाळलेला द्रव गुच्छातून पुढे ज्या नलिकेत जातो, तिच्यातील द्रवाचा त्याला विरोध करणारा दाब सुमारे १०. आणि रक्तातील प्रथिने पाणी धरून ठेवतात तो दाब गुच्छाच्या सुरुवातीला सुमारे २०. म्हणजे गाळण्यासाठी उरतात जेमतेम १५. रक्त गुच्छातून पुढे सरकते तसे त्यातील पाणी गाळले जाते, प्रथिने दाट होतात, त्यांचा दाब ३५ च्या आसपास जातो आणि टोकापाशी बाकी शून्यावर येते. एवढ्या अरुंद फरकावर आयुष्यभर रक्त गाळले जाते, हे पाहून शरीररचनेविषयी जी आदरयुक्त भीती वाटते ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातील सुबक आकृतीने वाटत नाही. फरक इतका अरुंद असेल, तर तो थोडासा ढळला तरी परिणाम मोठा होणार, ही पुढच्या कामाची बीजकल्पना येथेच रुजलेली आहे.

ती कल्पना उघडपणे मांडली गेली ती १९८१ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त आलेल्या निबंधात. त्याचे पहिले लेखक थॉमस हॉस्टेटर, ब्रेनर अखेरचे. उंदराचे एक मूत्रपिंड काढले, दुसऱ्याचाही बराच भाग निकामी केला आणि उरलेल्या नेफ्रॉनचे काय होते ते पाहिले. उरलेल्या प्रत्येक नेफ्रॉनचे गाळण्याचे काम दुपटीहून अधिक वाढले. दहा जणांचे काम चौघांवर पडावे आणि चौघांनी ते निभावूनही न्यावे, असाच हा प्रकार होता, आणि तोवर वैद्यकात या वाढीकडे शरीराची हितकारक भरपाई म्हणूनच पाहिले जात असे. हॉस्टेटर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की थोड्याच दिवसांत त्या गुच्छांच्या पेशींत इजेच्या खुणा दिसू लागतात. खाद्यात २४ टक्क्यांऐवजी ६ टक्के प्रथिने दिली, तर वाढीव गाळणही बरेच ओसरते आणि त्या खुणाही टळतात. भरपाई हीच पुढच्या हानीचे कारण ठरते, हा उलटा विचार येथे पहिल्यांदा पुराव्यासह समोर येतो. निबंधाच्या शीर्षकात ही भरपाई 'संभाव्य' अपायकारक असल्याचे म्हटले आहे, आणि ती सावधगिरी मला मोलाची वाटते.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८२ मध्ये, ब्रेनर, मेयर आणि हॉस्टेटर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलेल्या विवेचनात ती सावधगिरी थोडी सैल होते. या शृंखलेतील सर्वांत गाजलेला निबंध हाच. वार्धक्यात मूत्रपिंडाची शक्ती का घटते, मधुमेहात गाळणी का जून होते, शस्त्रक्रियेनंतर उरलेला भाग का खंगतो, या सगळ्यांना तो एकच कारण लावतो: गुच्छातील वाढलेला दाब आणि वाढलेला प्रवाह. त्यातील एक परिच्छेद मानवाच्या प्राचीन आहाराविषयी आहे. शिकार कधी मिळे, कधी मिळत नसे; मूत्रपिंडातील राखीव शक्ती अशा अधूनमधून होणाऱ्या मांसाहारासाठी घडली; आज प्रथिने रोज भरपूर मिळतात, त्यामुळे ती राखीव शक्ती सतत वापरात राहते आणि झिजते, असा तो युक्तिवाद आहे. तो वाचायला विलक्षण आकर्षक आहे. तरीही माझ्या मते या निबंधातील सर्वांत कच्चा दुवा तोच आहे, कारण उंदराच्या प्रयोगावरून मानवाच्या पूर्वजांपर्यंत जाताना मधले सारे टप्पे केवळ तर्काने भरलेले आहेत.

प्रथिनांविषयीच्या या तर्काची माणसांवरची कसोटी पुढे इतरांनी घेतली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एमडीआरडी या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात मध्यम बिघाड असलेल्या ५८५ रुग्णांपैकी काहींना दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.३ ग्रॅम, तर काहींना ०.५८ ग्रॅम प्रथिनांचा आहार नेमून दिला होता. कमी प्रथिने घेणाऱ्यांत पहिल्या चार महिन्यांत गाळणक्षमता अधिक वेगाने उतरली, त्यानंतर उतरण्याचा वेग मंदावला. मात्र तीन वर्षांचा एकूण हिशेब केला तेव्हा दोन गटांत ठसठशीत फरक उरला नाही. सुरुवातीची ती उतरण ब्रेनर यांच्या कल्पनेशी जुळते, कारण वाढीव दाब कमी झाला की गाळणही आधी कमी होणारच. पण रुग्णाला हवा असतो तो शेवटचा हिशेब, आणि तेथे १९८२ च्या निबंधाने जागवलेली आशा पुरी झाली नाही. हा निबंध वाचून कोणी स्वतःच्या मनाने डाळी, दूध, अंडी बंद करू नये. दुबळ्या रुग्णात प्रथिने कमी पडली तर स्नायू झडतात आणि तो अपाय मूत्रपिंडाच्या बिघाडाइतकाच गंभीर असतो.

या संपूर्ण कामात मला सर्वाधिक आवडलेले निबंध १९८५ आणि १९८६ चे आहेत, आणि त्यांची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. प्रश्न साधा होता. मूत्रपिंड वाचवण्यासाठी शरीरातील एकूण रक्तदाब कमी करणे पुरेसे आहे, की गुच्छाच्या आतला दाब कमी व्हावा लागतो? अँडरसन, रेन्के आणि ब्रेनर यांनी १९८६ मध्ये मूत्रपिंडाचा मोठा भाग गमावलेल्या उंदरांचे गट केले. एका गटाला रेसरपिन, हायड्रॅलाझिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही तीन जुनी औषधे एकत्र दिली. दुसऱ्याला एनालाप्रिल हे एकच औषध. दोन्ही गटांत शरीराचा रक्तदाब सारखाच खाली आला. पण तीन औषधांच्या गटात गुच्छातला दाब चढाच राहिला, लघवीतून प्रथिने जात राहिली आणि गाळण्या जून होत गेल्या. एनालाप्रिलच्या गटात आतला दाबही उतरला आणि गाळण्या मोठ्या प्रमाणात वाचल्या.

या फरकाचे कारण दुसऱ्या धमनिकेत आहे. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक रक्त बाहेर नेणाऱ्या धमनिकेला विशेष आवळते, त्यामुळे गुच्छात रक्त तुंबून दाब वाढतो. एनालाप्रिल ते संप्रेरक तयार होऊ देत नाही, बाहेरची वाट मोकळी होते आणि आतला ताण उतरतो. त्याच वर्षी झाट्झ आणि सहकाऱ्यांनी ब्रेनर यांच्याच प्रयोगशाळेत मधुमेही उंदरांत हाच परिणाम दाखवला. आज मधुमेह असलेल्या आणि लघवीतून प्रथिने जाणाऱ्या रुग्णाला रक्तदाब फारसा नसतानाही 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातील (अँजिओटेन्सिनचे काम रोखणारी) गोळी का लिहून दिली जाते, याचे उत्तर बहुतेक रुग्णांना कोणी नीट समजावून सांगत नाही. ते उत्तर या निबंधांच्या तक्त्यांत आहे. दोन स्तंभांत शरीराचा रक्तदाब सारखा आणि त्याच्याच खाली आतला दाब वेगळा, एवढे पाहिले तरी मुद्दा पटतो. तुलना करताना एकच गोष्ट वेगळी ठेवून बाकी सारे समान ठेवण्याची शिस्त कशी असावी, हे शिकवण्यासाठीही हा निबंध वर्गात लावावा.

१९८८ मध्ये ब्रेनर, गार्सिया आणि अँडरसन यांनी आणखी एक धाडसी कल्पना मांडली: काही माणसे जन्मतःच कमी नेफ्रॉन घेऊन येतात आणि म्हणून त्यांना पुढे उच्च रक्तदाब व मूत्रपिंडविकार जडतो. मूल जन्मल्यानंतर नवे नेफ्रॉन बनत नाहीत, त्यामुळे गर्भातील वाढ खुंटली तर ती तूट कायमची राहते. तेव्हा हा बहुतांशी तर्कच होता. २००३ मध्ये केलर आणि सहकाऱ्यांनी अपघातात मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मूत्रपिंडांतील ग्लोमेरुलस मोजले. उच्च रक्तदाब असलेल्या १० जणांत प्रत्येक मूत्रपिंडात मध्यक संख्या ७,०२,३७९ निघाली आणि रक्तदाब नसलेल्या, वयाने व इतर बाबतींत जुळणाऱ्या १० जणांत १४,२९,२००. नमुना लहान आहे, आणि कमी नेफ्रॉनमुळे रक्तदाब झाला की रक्तदाबाने नेफ्रॉन गेले हा प्रश्न अशा मोजणीने पुरता सुटत नाही. तरी पंधरा वर्षे आधी केवळ विचाराने मांडलेल्या गोष्टीला एवढा आधार मिळणे ही लहान बाब नव्हे.

आता माणसांवरील मोठ्या चाचणीकडे. २० सप्टेंबर २००१ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेला, रेनाल या संक्षिप्त नावाचा अभ्यास हा ब्रेनर यांच्या कामाचा उंदराकडून रुग्णाकडे येण्याचा टप्पा आहे. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेले १,५१३ रुग्ण, एका गटाला लोसार्टन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि दोन्ही गटांना रक्तदाबाचे इतर नेहमीचे उपचार. सरासरी ३.४ वर्षे पाठपुरावा झाला. क्रिएटिनिन दुप्पट होणे, मूत्रपिंड पूर्ण निकामी होणे किंवा मृत्यू या तिन्हींचा मिळून धोका १६ टक्क्यांनी घटला, मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी, आणि लघवीतून जाणारी प्रथिने ३५ टक्क्यांनी.

वृत्तपत्रांत आणि औषधांच्या माहितीपत्रकांत हे २८ टक्के ठळक छापले जातात, म्हणून वाचकाने तक्ता उघडून मूळ आकडे पाहावेत असा माझा आग्रह आहे. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २५.५ टक्क्यांचे मूत्रपिंड निकामी झाले, लोसार्टन घेणाऱ्यांपैकी १९.६ टक्क्यांचे. फरक ५.९ टक्क्यांचा. म्हणजे साधारण सतरा जणांना साडेतीन वर्षांच्या आसपास गोळी द्यावी तेव्हा एकाचे डायलिसिस त्या काळापुरते टळते. हा लाभ खरा आहे आणि डायलिसिसचे आयुष्य जवळून पाहिलेल्या कोणालाही तो क्षुल्लक वाटणार नाही. पण त्याच तक्त्यात हेही दिसते, की लोसार्टन घेऊनही पाचातल्या एकाचे मूत्रपिंड गेले, आणि मृत्यूचे प्रमाण लोसार्टनच्या गटात २१.० व दुसऱ्या गटात २०.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. निबंधात हे लपवलेले नाही, सारांशातही मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे. तथापि तीन वेगवेगळ्या वजनाच्या घटना एकत्र मोजण्याची पद्धत वाचकाला चकवते, हा आक्षेप राहतोच. अभ्यासाचा खर्च लोसार्टन बनवणाऱ्या मर्क कंपनीने केला होता, ही गोष्टही वाचताना ध्यानात असू द्यावी.

रेनालच्या यशानंतर स्वाभाविक वाटणारा प्रश्न होता, की अँजिओटेन्सिनची वाट एका औषधाने अडवून इतका लाभ होतो, तर दोन औषधांनी दुप्पट का होऊ नये. याचे उत्तर देणारा २०१२ चा अल्टिट्यूड अभ्यास या परीक्षणात आवर्जून घ्यावासा वाटला, कारण पहिले लेखक पार्व्हिंग यांच्यानंतर दुसरेच नाव ब्रेनर यांचे आहे आणि निकाल त्यांच्या जन्मभराच्या विचाराला गैरसोयीचा आहे. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या ८,५६१ रुग्णांत नेहमीच्या औषधावर अलिस्किरेन या, अँजिओटेन्सिनचीच वाट अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाची भर घातली. लाभ दिसला नाही. उलट रक्तातील पोटॅशियम वाढणे आणि रक्तदाब फार उतरणे हे त्रास वाढले आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. हृदय व मूत्रपिंडाशी संबंधित ज्या घटना मुख्य धरल्या होत्या, त्या अलिस्किरेनच्या गटात १८.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १७.१ टक्के रुग्णांत घडल्या. लोसार्टनसोबत लिसिनोप्रिल देऊन पाहणारी, इतरांनी केलेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही पोटॅशियम वाढणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे या कारणांनी मुदतीआधी थांबवावी लागली. आतला दाब उतरवणे हितकारक असले तरी तो कितीही उतरवत न्यावा असे नाही, हे १९७१ च्या त्या अरुंद गणितात खरे तर आधीच दडलेले होते. ज्या संशोधकाचे नाव एका कल्पनेशी जोडलेले आहे, त्याने तिच्या मर्यादेचा पुरावाही आपल्या नावासह छापावा, याला मी या कामाच्या गुणांत फार वरचे स्थान देतो.

२०१९ चा क्रेडेन्स अभ्यास हा या मालिकेतील अलीकडचा दुवा. पर्कोविच हे पहिले लेखक आणि यादीच्या शेवटाकडे ब्रेनर. मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेले ४,४०१ रुग्ण, सगळे आधीपासून 'प्रिल' किंवा 'सार्टन' घेणारे, आणि त्यावर कॅनाग्लिफ्लोझिनची भर. मूत्रपिंड निकामी होणे, क्रिएटिनिन दुप्पट होणे किंवा मूत्रपिंड वा हृदयाच्या विकाराने मृत्यू यांचा मिळून धोका ३० टक्क्यांनी घटला. हे औषध नलिकेत साखर आणि मीठ परत शोषले जाऊ देत नाही. त्यामुळे पुढे जास्त मीठ पोहोचल्याची वर्दी मिळून रक्त आणणारी धमनिका थोडी आवळली जाते आणि गुच्छातला दाब उतरतो. एनालाप्रिलने बाहेरची वाट मोकळी केली होती, येथे आत येणाऱ्या प्रवाहाला आवर बसतो. उपचार सुरू झाल्यावर गाळणक्षमता आधी किंचित उतरते आणि मग तिची घसरण मंदावते. पहिल्या अहवालात क्रिएटिनिन थोडे वाढलेले पाहून घाबरलेल्या रुग्णाने गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे. ती वाढ अपेक्षित आहे की चिंतेची, हे पोटॅशियम आणि इतर तपासण्यांसह तेच ठरवू शकतात.

या साऱ्या कामावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की माणसाच्या गुच्छातला दाब आजही थेट मोजता येत नाही. काचनळी उंदरात शिरली. माणसाच्या बाबतीत आपण परिणामांवरून कारणाचा अंदाज करतो. लघवीतून जाणारी प्रथिने, दाह, तंतूंची वाढ हे बिघाडाचे इतर मार्गही आहेत आणि तीच औषधे त्यांवरही काम करतात, त्यामुळे श्रेय नेमके कोणाचे हे वेगळे काढता येत नाही. दुसरा आक्षेप मूत्रपिंड दान करणाऱ्यांचा. निम्मे नेफ्रॉन गेल्यावर उरलेले झिजतच जाणार असतील, तर दात्यांची मूत्रपिंडे सरसकट निकामी व्हायला हवीत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटातील ३,६९८ दात्यांच्या पाहणीत तसे दिसले नाही. त्यांचे आयुर्मान इतरांसारखेच राहिले आणि केवळ ११ जणांचे मूत्रपिंड निकामी झाले. पुढे २०१४ मध्ये ९६,२१७ दात्यांची तुलना त्यांच्यासारख्याच निरोगी अदात्यांशी केली, तेव्हा पंधरा वर्षांत दहा हजारांमागे ३०.८ विरुद्ध ३.९ असा फरक निघाला. धोका वाढतो, पण मुळात इतका लहान असतो की बहुसंख्य दाते आयुष्यभर ठणठणीत राहतात. यावरून मला असे वाटते, की वाढीव दाब एकटा पुरेसा नसतो. मधुमेह, लठ्ठपणा, जन्मतःच कमी नेफ्रॉन किंवा फारच मोठी हानी, असे काही सोबतीला आले की तो घातक होतो. १९८२ च्या निबंधाने सर्वांना लावलेले एकच कारण या पुराव्यापुढे तसेच्या तसे टिकत नाही.

भाषेबद्दल थोडे. प्रयोगांचे निबंध कोरडे, नेमके आणि आखीव आहेत. विवेचनाचे निबंध प्रवाही आहेत आणि म्हणूनच अधिक जपून वाचावेत. सामान्य वाचकाने क्रम पाळला तर अडचण कमी येते: आधी १९७१ चा छोटा निबंध, मग थेट १९८६ चा, त्यानंतर रेनाल आणि अल्टिट्यूड लागोपाठ, आणि १९८२ चे विवेचन सर्वांत शेवटी. 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'चे जुने अंक सर्वांना विनामूल्य उघडता येतात, त्यामुळे पहिले दोन निबंध मिळवण्यासाठी कोणत्याही ग्रंथालयाचे सभासदत्व लागत नाही. पद्धतींचा भाग जड वाटला तर पहिल्या वाचनात सोडून द्यावा. तक्ते मात्र सोडू नयेत, आणि १९८६ च्या निबंधात तर तक्त्यांपासूनच सुरुवात करावी.